कॅम्परव्हॅन उभी केल्यावर तुम्ही काय करता? (पक्षी, आकाश, गळ, चित्रं... सगळं चालेल)

माळटिटवी

कॅम्परव्हॅनवरच्या धाग्यांत बहुतेक चर्चा गाडीचीच होते. कुठली घ्यावी, ॲव्हरेज काय देते, आतलं काम कुणाकडून करून घ्यावं. तेही लागतंच. पण मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आता काय? कुठला छंद धरून जाता का? आणि गाडीमुळे त्या छंदात नेमका काय फरक पडला?

माझं सांगते. मी पक्षी बघते. पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर. उजाडायच्या आत उजनी धरणाच्या काठावर पोचायचं तर घरून साडेतीनला निघावं लागतं, आणि साडेनऊ वाजेपर्यंत पाण्यावरचा उजेड इतका पांढरा होतो की दुर्बिणीतून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. आदल्या संध्याकाळी जाऊन कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला झोपलं की पहाट पूर्ण आपली. पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) रात्री शेतात चरतात आणि सकाळी थव्याथव्याने पाण्यावर परततात. आधी आवाज येतो, मग थवा दिसतो. ही वेळ पुण्याहून आलेल्या गाड्या अजून हायवेवर असतानाची.

दुसरा फायदा मला पक्ष्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. उभी गाडी हीच उत्तम लपण आहे. माळावरचे पक्षी चालत्या माणसाला शंभर पावलांवरून उडतात, पण बंद, न हलणाऱ्या गाडीची त्यांना काही वेळाने सवय होते. आम्ही संध्याकाळीच कंपास बघून गाडी अशी लावतो की सकाळचं ऊन पाठीमागून येईल. खिडकीला आतून काळं कापड, मधे लेन्सपुरती फट. काच अर्धी खाली करून तिच्यावर ज्वारी भरलेली पिशवी ठेवायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. ट्रायपॉडपेक्षा स्थिर राहते. इंजिन बंद हवंच, नाहीतर थरथर थेट फोटोत उतरते. दार उघडायचं नाही, बोलायचं नाही, चहा आतच थर्मासातला. अर्ध्या तासात चंडोल आणि माळटिटव्या गाडीच्या सावलीपर्यंत येतात. धाविक पक्ष्याची ती पळत येऊन थबकण्याची लकब आणि डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी पट्टी मी इंदापूरच्या माळावर अशीच गाडीतून पाहिली, पायी कधीच इतक्या जवळून दिसली नव्हती.

गाडी साधी मारुतीची ईको आहे. मागे प्लायची फळी, चार इंची फोम, फळीखाली दोन क्रेट. बस. छंदाला जेवढं लागतं तेवढंच आत आहे.

बाकीच्यांचं वाचायला आवडेल.

मूळनक्षत्र

धागा आवडला ताई. मी नाशिकचा, छंद आकाशदर्शनाचा. त्यामुळे तुमचा दिवस संपतो तिथे माझा सुरू.

माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण आहे. तिची नळी जवळजवळ सव्वा मीटर लांब. स्कूटरवर, एसटीत किंवा मित्राच्या हॅचबॅकमध्ये ती नेण्याचा विषयच नव्हता. व्हॅनमध्ये ती गादीवर आडवी झोपते, बाजूला मी. खड्ड्यांतून गेल्यावर आरसे थोडे हलतात, म्हणून उजेड आहे तोवर कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते तपासायचं. आणि दुर्बीण पोचल्या पोचल्या बाहेर काढून ठेवायची. दिवसभर तापलेल्या गाडीतला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तोवर गुरू पाण्याखाली असल्यासारखा डुचमळतो आणि लोक दुर्बिणीला नावं ठेवतात.

व्हॅनवाल्यांनी एक काम पहिल्याच दिवशी करावं: दार उघडल्यावर लागणारा छताचा दिवा स्विचने कायमचा बंद करावा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो दिवा एका सेकंदात सगळं घालवतो. फक्त तुमचं नाही, शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाचं. डिकीतला दिवा, डॅशबोर्डचं घड्याळ आणि रिमोटने गाडी लॉक करताना लुकलुकणारे इंडिकेटर हेही त्यातच. मी रात्रभर गाडी किल्लीने लॉक करतो. आतल्या उजेडाला लाल सेलोफेनचे दोन थर.

गाडीमुळे फरक काय पडला? मी घाई करणं सोडलं. आधी बारा वाजले की परतीचा रस्ता डोक्यात यायचा. झोप आलेली असताना रात्री दोनला घाट उतरणं हे या छंदातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. आता ढग आले तर आत जाऊन पडतो, गजर लावून तीनला परत उठतो. मार्चमधल्या अमावस्येच्या सुमारास मेसियर मॅरेथॉन करायची, म्हणजे एका रात्रीत मेसियरच्या यादीतल्या ११० वस्तू (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) शोधायच्या, तर संध्याकाळचा संधिप्रकाश ते पहाटेचा संधिप्रकाश अशी अख्खी रात्र लागते. मागे झोपायला जागा असल्याशिवाय ती करू नये असं मी सगळ्यांना सांगतो.

विदर्भातल्या मंडळींसाठी: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (जिथे रात्रीचा अंधार जपला जातो असं ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली. जंगलात रात्री गाडी घेऊन राहता येत नाही, मुक्काम बाहेरच करायचा, पण आकाश बघायला तिकडे जाच.

पाऊलखुणा

मी यातली नवीन. गाडी अजून घेतलेली नाही, भाड्याने घेऊन बघणार आहे. तीन बाळबोध प्रश्न:
१. रात्री कुठे थांबता? कुणी हटकत नाही?
२. बायकांची बाथरूमची सोय?
३. गाडीत पलंग-ओटा करून घेणं कायद्यात बसतं का?

माळटिटवी

@पाऊलखुणा, बाळबोध अजिबात नाहीत. लोक याच तीन गोष्टींना घाबरून घरी बसतात.

थांबायचं ते विचारून, आणि उजेडात. माळ मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचाच नाही असं नसतं. बराचसा माळ वनखात्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. मयुरेश्वर, रेहेकुरी, नान्नज ही तर अभयारण्यंच. आम्ही कडेच्या वस्तीवर जाऊन विचारतो: "दादा, अंगणात गाडी लावू का? जेवण तुमच्याकडेच करू, पैसे देऊ." आजवर बहुतेक ठिकाणी हो म्हणाले आहेत. कुंभारगावला चिलापीचं कालवण आणि भाकरी अशीच मिळते. शिवाय सकाळी पक्षी कुठे उतरतात हे त्या घरातल्या माणसाला आपल्या ॲपपेक्षा जास्त ठाऊक असतं. मंदिराचं आवारही चालतं, पुजाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला सांगून. नाहीच काही जमलं तर हायवेवरचा मोठा पेट्रोल पंप.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात जाणार असाल तर उसाच्या कडेला मुक्काम नको. तिथे बिबटे उसातच राहतात, तिथेच पिल्लं देतात. दिवस मावळल्यावर लहान मुलं गाडीबाहेर नकोत.

बाथरूम: घडीची खुर्ची-कमोड, त्यात जाड पिशवी आणि लाकडाचा भुसा. भुसा सढळ हाताने टाका, वास राहत नाही. पिशवी बांधून घरी आणायची. भोवती उभा राहणारा छोटा तंबू मिळतो. मी व्हॅनमधल्या सगळ्या सामानात यावर सगळ्यात आधी पैसे खर्च केले आणि कुठल्याही बाईला हेच सांगीन. पाणी कमी प्यायचं हा उपाय नव्हे.

तिसऱ्या प्रश्नावर इथे जाणकार आहेत.

डीसी_डीसी

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणजे छत कापणं, उंच करणं, आसनव्यवस्था बदलून टाकणं हे मनाने करू नका. गाडी आरटीओकडे कॅरव्हॅन म्हणून रीतसर नोंदवलेली असेल तर गोष्ट वेगळी. छंदापुरतं हवं असेल तर ताईंनी केलंय ते सर्वात सुटसुटीत. फळी, क्रेट, गादी, सगळं उचलून घरात ठेवता येतं, गाडीला एक भोक नाही. भाड्याने घ्यायची असेल तर राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे. नोंदणीकृत कॅरव्हॅन आणि त्यांच्या थांब्यांची चौकशी पर्यटन महामंडळाकडे करा.

आता माझा आवडता विषय, वीज. लोक आधी बॅटरी घेतात आणि मग काय चालवायचं ते ठरवतात. उलट करा. छंदाला लागणारे वॅट मांडा.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२०० वॅट-अवर. पंखा २० वॅट, आठ तास: १६०. लॅपटॉप ५० वॅट, तीन तास: १५०. दुर्बिणीवर दव बसू नये म्हणून हीटर २० वॅट, सहा तास: १२०. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फोन, लाल दिवा मिळून पन्नासेक. एका रात्रीचे पाचशेच्या आत. म्हणजे दोन रात्री उन्हाशिवाय निघतात. त्यात छोटा फ्रिज घातलात की दिवसाला आणखी चारेकशे वाढतात आणि तिथून खर्च चढत जातो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते हे विसरू नका.

गाडीच्या मूळ बॅटरीवर पंखा लावून झोपू नका, सकाळी स्टार्टर फिरणार नाही. आणि हे नीट वाचा: गाडी बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन खिडक्या समोरासमोर दोन-दोन बोटं उघड्या, त्यांना जाळी. थंडीतही.

रंगपेटी

मी जलरंगवाली. माझ्या छंदाला वीज लागत नाही, सावली लागते. 🙂

सगळे सावलीला निळी ताडपत्री बांधतात. चित्र काढणाऱ्यांनी ती बांधू नये. तिच्यातून गाळून येणारा उजेड निळा असतो, कागद निळा दिसतो, मग आपण नकळत रंग गरम करत जातो आणि घरी आणून बघितलं तर चित्र पिवळं-तांबूस. केशरी ताडपत्रीखाली याच्या उलट. मी मांजरपाटाचं मोठं कापड शिवून घेतलंय, चार कोपऱ्यांना कड्या. मागचं दार वर उघडलं की त्यालाच बांधते. उजेड मऊ आणि खरा येतो.

दुसरं, हवा. देशावर मार्चमध्ये रंग ब्रश उचलेपर्यंत वाळतो, ओल्यावर ओलं काम करायचं तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा लागतो. कोकणात ऑक्टोबरमध्ये हाच कागद तासभर ओला राहतो. व्हॅनमुळे मला एकाच जागी सकाळ, दुपार, संध्याकाळ बसता येतं. लोणारला विवराच्या काठावर सकाळी समोरची भिंत पूर्ण उजेडात असते, संध्याकाळी तीच सावलीत निळसर होते आणि पाणी वेगळाच रंग धरतं. एसटीने जाऊन दोन तासांत परतणाऱ्याला एकच लोणार दिसतं.

खाडीकाठ

मंडळी, कोकणातून लिहितोय. दाभोळच्या खाडीवर गळ टाकतो, जिताडा आणि तांबोशी हे माझे मासे. व्हॅन माझी नाही, पण हल्ली किनाऱ्यावर व्हॅनवाले फार येतात. त्यांना कळकळीने काही सांगायचं आहे.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, साधारण बारा-साडेबारा तासांच्या अंतराने. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ तक्त्यात बघावी, पण अंदाजाला ही रीत पक्की आहे.

आता मूळनक्षत्र यांच्यासारखे आकाशवाले अमावास्या बघूनच येणार. अमावास्येला हिशेब काय होतो बघा. दुपारी भरती, मग संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी. त्यात ते उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. संध्याकाळी आलेल्या माणसाला किनारा मैदानासारखा रुंद दिसतो, वाळू ओली आणि टणक असते, गाडी आरामात जाते. तो तिथेच मुक्काम टाकतो. आणि मध्यरात्री पंधरवड्यातल्या सर्वात मोठ्या भरत्यांपैकी एक येते. अशा गाड्या ट्रॅक्टर लावून ओढताना मी पाहिल्यात. पाणी चाकाभोवतीची वाळू नेतं, गाडी ॲक्सलवर बसते, मग ट्रॅक्टरलाही हलत नाही. म्हणून गाडी वाळूत उतरवायचीच नाही. सुरूच्या बनामागे, पक्क्या जागी, गावात सांगून लावा आणि पायी खाली या.

कारण फक्त गाडीचं नाही. नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, ती रात्रीच. चाकाने घरटं दबतं, आणि पांढऱ्या उजेडाला मादी पाण्यातूनच परत फिरते. पिल्लंही उजेडाकडे भरकटतात. तुमचे लाल दिवे आणि बंद हेडलाइट आमच्याही कामाचे आहेत.

गळ टाकणाऱ्यांसाठी: उधाणात खाडीला ओढ फार, शिसं तळाशी टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी शांत, नवख्याला गळ टाकायला तेच बरं. जिताड्याला मात्र वाहतं पाणी लागतं. भरती थांबून पाणी फिरतं त्याच्या आगचा-मागचा तास सोडू नका. आमिषाला जिवंत कोळंबी. आणि ही वेळ रात्री अडीचला आली तर? तिथेच तुमची व्हॅन कामाची.

मूळनक्षत्र

@खाडीकाठ दादा, हा प्रतिसाद मी आमच्या आकाशदर्शनाच्या गटात जसाच्या तसा पाठवतोय. अमावास्या आणि उधाण यांची सांगड आमच्यातल्या कित्येकांच्या डोक्यात येत नाही. चंद्र-सूर्य एका रेषेत आले म्हणून आम्हाला अंधार मिळतो आणि त्याच कारणाने तुमच्याकडे पाणी चढतं.

दक्षिणगोल

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून. इथे व्हॅन हा रोजच्या आयुष्याचा भाग आहे आणि नियम स्पष्ट आहेत. २०२३ च्या कायद्याने फुकट मुक्कामाच्या बहुतेक सरकारी जागांवर राहायचं तर गाडी स्वयंपूर्ण असावी लागते: आत कायम बसवलेला संडास, स्वच्छ आणि सांडपाण्याच्या टाक्या, आणि तपासणीनंतर मिळणारा हिरवा परवाना. सुरुवातीला जाचक वाटतं, पण त्यामुळेच तळ्याकाठच्या जागा स्वच्छ राहिल्यात.

खाडीकाठ यांनी भरतीचं लिहिलं तेच इथे पक्षी बघायला लागू पडतं. पुकोरोकोरो-मिरांडा हा ऑकलंडपासून तासा-सव्वातासावरचा चिखलाळ किनारा. अलास्काहून ११,००० किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता उडत येणारे गॉडविट, माओरी भाषेत कुआका, सप्टेंबरपासून इथे उतरतात. ओहोटीला ते दूर चिखलात विखुरलेले असतात, दुर्बिणीतही ठिपके. भरती चढत आली की पाणी त्यांना ढकलत शिंपल्यांच्या बांधावर आणतं आणि हजारो पक्षी समोर दाटीने उभे राहतात. त्यामुळे पोचायचं ते पूर्ण भरतीच्या दोन तास आधी, घड्याळात काहीही वाजलेले असोत. भरती भर दुपारी असली तर सकाळी व्हॅनमध्ये निवांत झोपतो.

दक्षिण बेटावरचं आओराकी मॅकेन्झी हे ४,३०० चौरस किलोमीटरचं राखीव अंधारं आकाश, २०१२ पासूनचं. तिथे त्रिशंकू (सदर्न क्रॉस हा दक्षिणेकडचा तारकासमूह) डोक्यावर असतो. आईबाबा आले होते तेव्हा बाबा तासभर खुर्चीतून उठले नाहीत.

पाऊलखुणा

सगळ्यांचे आभार, बरंच काही टिपून घेतलं. दक्षिणगोल यांचं शेवटचं वाक्य वाचून विचारते: माझ्या वडिलांना त्रिशंकू बघायचा आहे. गुडघ्यांमुळे फार उभं राहवत नाही. महाराष्ट्रातून दिसतो का? सोलापूरकडे काकांचं शेत आहे, तिथे गाडी लावता येईल. मेमध्ये सुट्टी आहे.

मूळनक्षत्र

नक्की दिसतो. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा-अठरा, त्यामुळे त्रिशंकू सर्वात उंच येतो तेव्हाही क्षितिजापासून सरासरी १२ अंशांवरच असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंशांची, म्हणजे मुठीपेक्षा थोडा वर. दक्षिणेला झाडं, घर, टेकडी नको. मेच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला सरळ उभा दिसतो, महिन्याअखेरीला साडेआठच्या आसपास. अमावास्येच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा धरा. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे दिसतील, ते मित्र आणि मित्रक. त्यानंतर तासाभराने ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २५ अंशांवर येतो, साध्या ७×५० दुर्बिणीतून धूसर गोळा दिसतो. तोही वडिलांना दाखवा.

माळटिटवी

मेमध्ये गाडीचा पत्रा रात्री दहा-अकरापर्यंत तापलेला असतो, तेव्हा दिवसभर झाडाखाली ठेवा आणि संध्याकाळी मोकळ्यावर काढा. तिकडे काळी माती आहे. वळवाचा पाऊस झाला असेल तर शेतात गाडी घालू नका, मुरुमाच्या रस्त्यावरच ठेवा.

आणि वडिलांना बाहेर बसवायची गरज नाही. भाड्याच्या बहुतेक व्हॅनचं मोठं दार डावीकडे असतं. गाडीचं तोंड पश्चिमेला करून लावा, म्हणजे दार दक्षिणेला उघडेल. छताचा दिवा आधी बंद करा. ते आतल्या सीटवर पाठीला उशी घेऊन बसून बघू शकतील.